आवाज बसका आला तर पुढचा ट्रिगर दाबू नका

ट्रिगर दाबला आणि बार झालाच नाही, तर नवखा नेमबाजही थबकतो. पण आवाज झाला आणि तो जरा बसका, ‘फट्’ असा आला, तर चांगले सरावलेलेही त्याकडे काणाडोळा करतात. ह्या दोन्हींत जास्त धोकादायक आहे तो दुसरा प्रकार. म्हणून इअरमफ लावले तरी नेहमीचा आवाज आणि हाताला बसणारा नेहमीचा झटका कसा असतो, हे अंगवळणी पडलेलं असायला हवं.

आपल्याकडे रेंजवर २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तुलात .२२ लाँग रायफल काडतूस चालतं. त्याला वेगळं प्रायमर, म्हणजे ठोका बसताच पेटणारी टोपी, नसतं. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत फिरवून पसरवलेलं असतं. कडेच्या एखाद्या भागात ते पोहोचलं नसेल आणि फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी खीळ) नेमकी तिथेच आदळली, तर काडतूस फुसकं निघतं. पुंगळीत दारू कमी असेल किंवा नसेलच, तर नुसत्या त्या मिश्रणाच्या जोरावर गोळी चेंबरमधून (काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या खोबणीतून) निघते आणि नळीत अडकते. हाच स्क्विब. आवाज बारीक येतो, झटका जाणवत नाही, स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) बहुधा मागे जात नाही, कागदावर भोक पडत नाही. यातलं एक जरी लक्षण दिसलं तरी बोट ट्रिगरवरून काढा.

इथे सर्वात वाईट सवय म्हणजे मॅगझिनवर थाप मारून, स्लाइड ओढून लगेच पुढची गोळी झाडणं. पोलीस-लष्करी प्रशिक्षणात त्या कृतीला कारण असतं, लक्ष्यावरच्या नेमबाजीत अजिबात नाही. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी सुटली की नळीतला दाब एकदम चढतो. .२२ मध्ये बहुधा नळीला कडं आल्यासारखा फुगवटा येतो आणि नळी कायमची बाद होते. मोठ्या काडतुसात ती फुटूही शकते. रिव्हॉल्व्हर असेल तर आणखी सावध राहा, कारण त्याचा सिलिंडर बाराच्या जोरावर फिरत नाही. आधीची गोळी नळीत असली तरी पुढचं काडतूस निमूटपणे समोर येतं. गोळी सिलिंडर आणि नळी यांच्या सांध्यात अडकली तर सिलिंडर जाम होतो, आणि तेव्हा तो जोर लावून फिरवायचा नसतो.

बार झालाच नाही तर पिस्तूल आहे तसं, नळी टार्गेटकडे ठेवून ३० सेकंद थांबा. क्वचित काडतूस उशिरा पेटतं, त्याला हँगफायर म्हणतात. .२२ मध्ये तो विरळाच, आणि झालाच तर बहुतेक वेळा सेकंदाच्या आतच, पण स्लाइड अर्धवट उघडलेली असताना पुंगळी फुटली तर पितळेचे तुकडे आणि गरम वायू थेट चेहऱ्याकडे येतात. चष्मा लावायचा तो यासाठीही. अर्धा मिनिट झालं की आधी मॅगझिन काढा, मग चेहरा बाजूला ठेवून स्लाइड मागे घ्या. क्रम उलटा केलात तर एक काडतूस बाहेर पडेल आणि सोडलेली स्लाइड दुसरं आत भरेल.

बाहेर आलेलं काडतूस फेकू नका, आधी त्याच्या कडेवरचा ठसा बघा. ठसा खोल आणि स्पष्ट असेल तर दोष काडतुसाचा. पुसट असेल तर पिस्तुलाकडे बघा: फायरिंग पिनची स्प्रिंग ढिली झालेली असते, पिनच्या वाटेत काजळी साचलेली असते, किंवा चेंबरच्या तोंडाशी मेण आणि शिसं जमून काडतूस पूर्ण आत बसत नाही. मग पिनचा फटका काडतूस पुढे ढकलण्यातच वाया जातो. रिकाम्या चेंबरवर वारंवार ट्रिगर दाबल्यानेही काही पिस्तुलांत पिन चेंबरच्या काठावर आदळून तिथे खळगा पाडते, आणि ठसे उथळ यायला लागतात. ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे काडतुसाशिवाय सराव, करायची तर पिस्तुलात त्यासाठीची सोय आहे का ते आधी पाहा.

स्पर्धेत मात्र यातलं काहीच स्वतः करायचं नाही. पिस्तूल हातात तसंच धरून, नळी टार्गेटकडे ठेवून मोकळा हात वर करायचा. रेंज ऑफिसरने तपासण्याआधी स्लाइडला किंवा सेफ्टीला हात लागला, तर बिघाड खरा असूनही तो ग्राह्य धरला जात नाही आणि मालिका पुन्हा मारायची किंवा पुरी करायची संधी हुकते.

स्क्विबची शंका असेल तर पिस्तूल रिकामं करून, स्लाइड मागे अडकवून नळीतून क्लीनिंग रॉड घाला. तो आरपार चेंबरमध्ये दिसला तरच नळी मोकळी. अडला तर तिथेच थांबा; गोळी काढणं आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं, काम आहे. लोखंडी सळईने ठोकलं तर नळीच्या आतले आटे (गोळीला फिरवणाऱ्या वळणदार खाचा) खराब होतात.

पावसाळ्यात काडतुसं मूळ डब्यातच, कोरड्या जागी ठेवा आणि वेगवेगळ्या लॉटची एकत्र करू नका. चेंबर तेलकट ठेवू नका, तेल पुंगळीत झिरपतं. फुसकी काडतुसं खिशात किंवा कचऱ्यात नकोत, रेंजच्या वेगळ्या डब्यात जमा करा, आणि डब्यावरचा लॉट नंबर कोचला सांगा. एकाच लॉटची दोन-तीन फुसकी निघाली तर तो लॉट त्या दिवसापुरता बाजूला काढणंच बरं.