धुऱ्याचं भांडण, उभारीचा मार अन् थ्रीडी मॉडेल : माझा अनुभव

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. पेरणीच्या तोंडावर आमच्याकडे मारहाणीच्या एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांत जाणाऱ्या केसेस) वाढतात आणि निम्म्याच्या मुळाशी धुरा, म्हणजे शेताचा बांध असतो, कोणाचं तरी नांगराचं एक तास इकडं सरकलं की झालं सुरू.

एमएलसीचा फॉर्म म्हणजे काय, तर जखमेचा प्रकार, लांबी-रुंदी-खोली, शरीरावरची जागा, अंदाजे किती तासांपूर्वीची, हत्यार बोथट की धारदार, साधी की गंभीर. सोबत माणसाचं चित्र, त्यावर पेनाने एक रेघ मारायची. टाके घातले की जखम गेली, आणि पुढं कोर्टाचं समन्स येईपर्यंत आपली बदली झालेली असते, हातात ती रेघच उरते. मोबाईलवर फोटो काढतो आपण, पण डोकं, खांदा, पाठ हे गोल भाग, फोटो जरा तिरपा आला की सहा सेंटिमीटरची जखम पाचची दिसते.

फॉरेन्सिकमध्ये एमडी करणारा माझा बॅचमेट खूप दिवसांपासून मागे लागला होता की फोटोग्रामेट्री करून बघ. स्कॅनर लागत नाही, जखमेभोवती फिरत भरपूर फोटो घ्यायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला बराचसा भाग आला पाहिजे, मग सॉफ्टवेअर तेच ते बिंदू जुळवून पृष्ठभागाचा उंचसखलपणा काढतं आणि थ्रीडी मॉडेल बनवतं. स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये डिर्नहोफर, थाली या मंडळींनी १९९० च्या दशकाच्या शेवटी व्हर्टोप्सी, म्हणजे न कापता स्कॅनवर शवविच्छेदन, सुरू केली त्यात सीटी, एमआरआयसोबत हे पृष्ठभागाचं थ्रीडीही होतं, आणि दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून सीटीवर व्हर्च्युअल शवविच्छेदन होतं. आमच्याकडं एक्स-रेवाला जागेवर सापडला तरी दिवाळी.

तर एक दिवस साठीतले एक बाबा आले, डोक्याला रक्तानं भिजलेला दुपट्टा, सोबत मुलगा आणि पोलिसांचं पत्र. मुलगा आल्या आल्या सुरू, "साहेब, कुऱ्हाडीनं मारलं, तसंच लिवा." आधी दाबून रक्त थांबवलं, बाबा शुद्धीवर, बोलतायत, बीपी ठीक, मग संमती घेतली, अंगठा लावला. टाक्यांसाठी आजूबाजूचे केस तसेही काढावे लागतात आणि थ्रीडीला केस चालतच नाहीत, सॉफ्टवेअर गोंधळतं, म्हणजे एका कामात दोन कामं. ओली जखम चमकते, चमक पण चालत नाही म्हणून गॉजने हलक्या हाताने टिपून घेतली, फ्लॅश बंद, सिस्टरला टॉर्च धरू दिला नाही कारण उजेड फिरला की सावल्या फिरतात, खिडकीच्या उजेडात खाटेवर बसवलं आणि मीच भोवती फिरत पन्नास-साठ फोटो घेतले. जखमेच्या कडेला एल आकाराची एबीएफओ पट्टी, म्हणजे फॉरेन्सिक फोटोंसाठीची मोजपट्टी ठेवली होती. ही पट्टी विसरू नका, कारण मॉडेलला स्वतःचं माप नसतं, पट्टीशिवाय ते नुसतं छान चित्र.

जखम सरळ रेषेत, कडा पहिल्या नजरेत कापल्यासारख्या. इथंच फसायला होतं. डोक्याच्या कातडीखाली लगेच हाड, त्यामुळं बोथट वस्तूचा मार बसला तरी कातडी सरळ फाटते. भिंग लावलं तर कडा ठेचलेल्या, जखमेच्या आत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला तंतू तसेच टिकून, केसांची मुळं चिरडलेली. कुऱ्हाडीच्या पात्यानं हे तंतू राहत नाहीत, कापले जातात. मी बोथट हत्यार लिहिलं. मुलगा भडकला, "त्यायनं पैसे देल्ले का तुमाले?" असं भर ओपीडीत.

मग सदरा काढायला लावला तर पाठीवर दोन समांतर लालसर रेघा, मधली पट्टी पांढरी. दांड्याचा मार लागला की खालचं रक्त दोन्ही बाजूंना ढकललं जातं म्हणून असं उमटतं. असे वळ दुसऱ्या दिवशी जास्त ठळक होतात, बाबांना परत बोलावून पुन्हा फोटो घेतले. पाठीचे अवघड गेले, श्वासागणिक पाठ हलते, बाबांना पालथं झोपवून श्वास सोडून थांबायला सांगायचं तेवढ्यात क्लिक, मग जरा दम खाऊ द्यायचा. चेहरा कुठंच येऊ दिला नाही.

मॉडेल बनवायला मेशरूम नावाचं सॉफ्टवेअर वापरलं, फुकट आहे, पण एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं, माझ्या लॅपटॉपमध्ये आहे म्हणून जमलं. रात्री लावून झोपलो. सकाळी पट्टीच्या एका बाजूवरून माप बसवलं आणि दुसऱ्या बाजूवर तपासलं, जुळलं. बाबा ड्रेसिंगला आले तेव्हा त्यांना त्यांचंच डोकं स्क्रीनवर फिरवून दाखवलं, तंतू दाखवले. मुलगा काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "अरे बंडीची उभारीच होती ना बाप्पा, म्या पायली, तुलेच कुऱ्हाड दिसली." उभारी म्हणजे बैलबंडीच्या कडेला उभा लावतात तो दांडा.

पुढं तपास अधिकाऱ्यानं सीलबंद उभारी क्वेरीसाठी, म्हणजे या वस्तूने अशी जखम होऊ शकते का हे विचारायला पाठवली. तिचंही मॉडेल केलं, पंचनाम्यासारखं सील तोडल्या-लावल्याची नोंद ठेवून. वळांमधल्या पांढऱ्या पट्टीची रुंदी पाठीच्या गोलाईवरून मोजली, उभारीच्या जाडीच्या जवळपास आली. तरी उत्तरात "अशा वस्तूने होऊ शकते" एवढंच लिहिलं, "याच वस्तूने झाली" असं लिहायचं नसतं, बंडीला उभाऱ्या चार असतात आणि गावात बंड्या किती. हाड मोडलेलं नव्हतं म्हणून इजा साधी, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत गंभीरसाठी तीव्र वेदना किंवा रोजची कामं बंद राहण्याची अट २० ऐवजी १५ दिवस झालीय, बाबा त्याच्या आत वखरावर. सर्टिफिकेटवर मोजमाप टेपचंच ठेवलं, थ्रीडी जोडपत्र. मूळ फोटो पेनड्राइव्हवर, सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसकट (फाईल बदलली की बदलणारा आकडा).

पेनड्राइव्ह बघून हवालदारसाहेबांनी कपाळाला हात लावला. "साहेब, दोषारोपपत्राले कागद लागते, हे कुठं टाचू?" शेवटी मॉडेलचे सहा बाजूंचे स्क्रीनशॉट काढले, दवाखान्यात रंगीत प्रिंटर नाही म्हणून झेरॉक्सच्या दुकानात न देता बॅचमेटच्या विभागात प्रिंट मारून आणले, प्रत्येकावर सही-शिक्का केला आणि ते लागले फाईलला.