ताटातलं ठिगळ

ताट आलं तेव्हा सोबतच्या कागदावर एकच ओळ होती : मानिसेस, १५वं शतक, जुनी डागडुजी, साफ करणे. दोन दिवसांचं काम, असं धरून चालले होते.

मानिसेस हे स्पेनमधलं, वालेन्सियाजवळचं गाव. राजा ख्रिस्ती, पण मातीच्या भांड्यांवर सोन्यासारखी चमक, म्हणजे लस्टर, चढवण्याचा हा हुन्नर मुस्लिम कुंभारांचा. संग्रहालयात येणारे हमखास विचारतात, सोनं आहे का? नाही हो. चांदी-तांब्याची संयुगं, गेरू आणि व्हिनेगर यांचा लेप कथलाच्या पांढऱ्या झिलईवर कुंचल्याने काढायचा आणि ताट तिसऱ्यांदा भट्टीत घालायचं. ही भट्टी मंद, धुराने कोंडलेली. निघतं ते काळपट. गेरू घासून काढला की खाली चमक. धुराचं गणित चुकलं की अख्खा घाणा वाया.

काठाला निळ्यात ‘अलाफिया’ होती. मूळ अरबी शब्द अल-आफिया, म्हणजे स्वास्थ्य. काढून काढून अक्षरांची नक्षी झालेली. ताट कलतं केलं की लस्टर तपकिरीवरून जांभळ्यावर जातं. काठाचा तळहाताएवढा भाग मात्र कुठूनही पाहा, तपकिरीच. म्हणजे ब्राँझ पावडरचा रंग. अतिनील दिव्याखाली त्याच्या कडेची लाख नारिंगी पेटली. तुटका भाग भरून वर असा रंग फासायचा, ही जुन्या विक्रेत्यांची नेहमीची चलाखी. खाली प्लास्टर असणार म्हणून अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला.

बोळ्यामागून निळं पान वर आलं. आयव्हीच्या वेलीचं. पुढच्या बोळ्याला त्याची सोनेरी शीर, आणि ती जांभळी झाली!

प्लास्टर नव्हतंच. दुसऱ्याच ताटाचा तुकडा, तोही मानिसेसचाच, कानशीने घासून या खळग्यात बसवलेला आणि वरून खोटी अलाफिया रंगवलेली. अस्सलावर नक्कल!

क्युरेटरबाईंचं म्हणणं, काढून टाका, ताट खरं दिसू दे. बाई हुशार आहेत, पण त्यांना सगळं लेबलात बसवायचं असतं. काढला तर ताटाला भोक आणि तुकडा कुठल्याशा खोक्यात, कायमचा. ठेवला तर दोन ताटांचं एक, जे मानिसेसमध्ये कधी घडलंच नाही.

अजून काढलेला नाही. काल भिंगाखाली त्याची कड पाहत होते. कानस सगळीकडे सरळ गेलीय, फक्त पानाच्या देठाशी वळसा घेऊन. देठ वाचावा म्हणून तुकडा बसवणाऱ्याने खळगाही तेवढा कोरून घेतलाय. वरून रंगच फासायचा होता, तर देठ कशासाठी वाचवला?