कोणाकोणासाठी घ्यायचंय?

हीरकमहोत्सवी स्मरणिकेत शाळेच्या निकालांविषयी, स्नेहसंमेलनांविषयी आणि कबड्डीच्या ढालींविषयी पुष्कळ जण लिहितील. मला लिहायचं आहे ते दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत लागणाऱ्या भेटवस्तूंच्या दुकानाविषयी. १९९४ साली मी नववीत होते आणि त्या दुकानात काम करत होते. आज गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं हे मी शाळेच्या त्या खोलीत शिकले.

आमच्या डिचोली तालुक्यात तेव्हा बहुतेक घरं खाणीवर चालत. पावसाळ्यात खाणीचं काम थांबायचं, ट्रक अंगणात उभे राहायचे, नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जीही बंद. काम पुन्हा सुरू होऊन हातात पैसे येईपर्यंत दिवाळी तोंडावर आलेली असायची. नरकचतुर्दशीला फोव म्हणजे पोहे सगळ्यांकडेच व्हायचे, आकाशकंदीलही लागायचा. पण भाऊबीजेला बहिणीच्या ताटात घालायला मुलाकडे स्वतःचं असं काही नसायचं. आईकडून पैसे घ्यायचे आणि तेच बहिणीला घालायचे! हस्तकला शिकवणाऱ्या आमच्या बाईंना हे फार लागायचं. मुलांना सगळे देतात, पण मुलांनाही कुणाला तरी काही द्यावंसं वाटतं, हे त्यांनी ओळखलं होतं. दुकान त्यांच्याच डोक्यातून निघालं.

दुकानात रोख पैसे चालत नसत, फक्त कुपनं चालायची. शाळेच्या संचयिकेत ज्यांचे पैसे साठलेले असत, ते वर्गशिक्षकांकडून तेवढ्याची कुपनं घेत. आणि जो तयारीला हात लावील त्यालाही कुपनं मिळत: पाकिटं चिकटवली, पणत्या रंगवल्या, बाकं हलवली, तरी मिळत. त्यांचा खर्च पालक-शिक्षक संघ उचलायचा. सगळ्यांना कुपनं एकाच खाकी पाकिटातून मिळत. त्यामुळे कुणाची बचतीची, कुणाची कामाची, हे शेजारी बसणाऱ्यालासुद्धा कळायचं नाही. फुकट काहीच नव्हतं आणि मोकळ्या हातानं कुणी परतत नव्हतं. ही रचना किती विचारपूर्वक केलेली होती, ते मला स्वतः दुकान चालवायला लागल्यावर उमगलं.

माल आणायला बाई शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जायच्या आणि आम्हा दोघी-तिघींना बरोबर न्यायच्या. रुमाल, कंगवे, टिकल्यांची पाकिटं, रिबिनी डझनाच्या भावाने घेतल्या जायच्या. पणत्या आणि छोटी मडकी डिचोलीच्या कुंभारांकडून यायची. सावंतवाडीची लाकडी फळं थोडीच असायची, ती महाग. शिवाय मुलांनी केलेल्या वस्तू होत्या: करवंटीचे डवले म्हणजे डाव, जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली भेटकार्डं, शिंपल्यांच्या चौकटी. किंमती तीनच होत्या, दोन, पाच आणि दहा रुपये. दहाच्या वस्तूत जे चार पैसे सुटत, ते दोनच्या वस्तूंत भरले जात. त्यामुळे बाजारात साडेतीनला पडलेला रुमाल दोनला देता यायचा.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती मांडणी. टोपल्या किमतीप्रमाणे लावायच्या नाहीत, हा बाईंचा सक्त नियम होता. एक टोपली आजी-आजोबांची, एक आईची, एक पपांची, एक भावंडांची. किंमत वस्तूच्या खालच्या बाजूला चिकटवलेली असायची. स्वस्त टोपलीपाशी उभं राहायची वेळ कुणावरच यायची नाही. टोपल्या टेबलावर नव्हे, चटयांवर ठेवलेल्या, म्हणजे पहिलीच्या पोरांनाही आत काय आहे ते दिसावं. पालकांना आत प्रवेश नव्हता. प्रत्येक लहान मुलाबरोबर आठवी-नववीतला एक सोबती. सोबत्यानं पहिला प्रश्न विचारायचा तो ‘कोणाकोणासाठी घ्यायचंय?’ हा. ‘किती कुपनं आहेत?’ हे कधीच विचारायचं नाही. नावं पाकिटावर लिहून घ्यायची आणि मग आपणच मनात हिशेब करून त्या बेतातल्या वस्तू पुढे करायच्या.

मुलांच्या याद्या ऐकताना जीव भरून यायचा. पहिलीतल्या एका मुलीनं घरातली सगळी नावं सांगून झाल्यावर कदंब बसच्या ड्रायव्हरचं नाव लिहायला लावलं. तो तिच्यासाठी रोज थांब्यावर जरा जास्त थांबायचा. तिसरीतला एक मुलगा पपांच्या टोपलीपाशी कितीतरी वेळ बसला होता. पेन उचललं, ठेवलं. चाव्यांची कडी उचलली, ठेवली. मी कंगवा दाखवला तर मान हलवली. शेवटी सगळ्यात मोठा, जाड कापडाचा रुमाल काढून त्यानं तो स्वतःच्या नाका-तोंडावर बांधून पाहिला आणि म्हणाला, ‘धुळीक जाता.’ म्हणजे धुळीसाठी चालेल. त्याचे वडील खाणीवर ट्रक चालवत. आईला काय घ्यायचं हे मात्र त्यानं घरूनच ठरवून आणलं होतं: करवंटीचा डवला, कारण घरातला फुटला होता.

बांधणीचं काम आम्हा मुलींकडे होतं. जुन्या कॅलेंडरांच्या पानांची कोरी बाजू वर घेऊन त्यावर भेंडीचे ठसे मारायचे, गव्हाच्या पिठाच्या खळीनं चिकटवायचं आणि वर नाव घालायचं. दोन रुपयांच्या आणि दहा रुपयांच्या वस्तूला कागद एकच.

दिवाळीनंतर नाताळच्या सुट्टीआधी हेच दुकान पुन्हा लागायचं, जरा छोटं. वर्गातल्या ख्रिस्ती मुलांसाठी कागदी नक्षत्रं आणि गोठ्यात ठेवायची मातीची गुरं असायची. ती विकत घ्यायला आम्हीही रांगेत असायचो.

मधली काही वर्षं दुकान बंद होतं. यंदा पालक-शिक्षक संघ ते पुन्हा सुरू करतो आहे, हे कळल्यापासून मला राहवत नाही. माल ठोक भावात मिळवून द्यायची जबाबदारी मी घेतली आहे. माजी विद्यार्थ्यांना विनंती एवढीच की वस्तू द्याल त्या नव्या द्या. घरात नको झालेलं आणून टाकू नका, मुलांना ते लगेच कळतं. आणि पपांच्या टोपलीत जास्त भर घाला. आईसाठी शंभर गोष्टी मिळतात, पण पपांची टोपली मधल्या सुट्टीच्या आतच रिकामी होते.