तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीत घालून नेलं तर काय बिघडतं?

वन्यप्राण्यांच्या भ्रमणमार्गांवर, म्हणजे दोन जंगलांना जोडणाऱ्या वाटांवर, कुठेही बोलले की शेवटी हा प्रश्न येतोच. वाघांना नवं रक्त हवंय ना, मग इकडचा वाघ बेशुद्ध करा, गाडीत घाला, तिकडे सोडा. त्यासाठी रस्ते आणि कालवे कशाला अडवता? विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा खरंच उत्तर हवं असतं. आजवर मी दोन वाक्यांत सांगून मोकळी होत आले. आज नीट सांगते.

प्रश्न बिनबुडाचा नाही. अमेरिकेत फ्लोरिडातले प्यूमा (मांजरकुळातला मोठा शिकारी प्राणी) १९९०च्या सुमारास २०-३० वर आले होते आणि आपापसांतच वाढत होते. शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, कित्येक नरांचे वृषण खाली न उतरलेले. १९९५ मध्ये टेक्सासहून ८ माद्या आणून सोडल्या आणि पुढच्या पिढ्यांत हे दोष कमी झाले, संख्या वाढली. शिकत असताना हे उदाहरण मला तोंडपाठ होतं. तुमचाच प्रश्न तेव्हा मी मोठ्या आवाजात विचारायचे.

पण मग सातकोसियाचं व्याघ्र प्रकल्पही बघा. २०१८ मध्ये मध्य प्रदेशातल्या कान्हाचा नर वाघ आणि बांधवगढची मादी तिथे, ओडिशात नेली. नर काही महिन्यांत मेला. मादीवर माणसं मारल्याचा ठपका आला, ती पिंजऱ्यात गेली आणि २०२१ मध्ये मध्य प्रदेशात परत आली. पुढे २०२४ मध्ये ताडोबाची झीनत ही वाघीण ओडिशातल्याच सिमिलिपालला सोडली. ती झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये पोचली आणि डिसेंबरअखेर बांकुऱ्यात पुन्हा बेशुद्ध करून तिला आणावं लागलं. ज्याला आपण बदली समजतो, ती त्या प्राण्याला मान्य असेलच असं नाही.

हे मला आकड्यांनी नाही, एका कालव्याने शिकवलं. दोन जंगलांच्या मधून गेलेला, काँक्रीटचं अस्तर केलेला, उभ्या उताराचा कालवा. त्यात सांबराची मादी पडली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती पोहायचीही थांबली होती, नुसती नाक वर धरून वाहत होती. पलीकडच्या भिंतीवर पाण्यालगत शेवाळाचा पट्टा होता आणि त्यात जागोजागी खुरांनी ओरबाडलेल्या उभ्या रेघा होत्या. आत ओलं, पांढुरकं काँक्रीट दिसत होतं. अलीकडच्या भिंतीवर एकही रेघ नव्हती. मी ती भिंत दोनदा बघून आले. दोर लावून, जाळं टाकून तिला वर काढलं. पुढच्या दोन्ही खुरांची टोकं झिजून रक्त येत होतं. मी म्हटलं, हिला पलीकडे सोडू या, हिला तिकडे जायचं होतं. उत्तर मिळालं, पूल लांब आहे, गाडी इथे आहे, आणि जंगल तर दोन्हीकडे सारखंच. तिला अलीकडेच सोडलं. बराच वेळ ती उठली नाही, मग उठली आणि झाडीत गेली. नोंद झाली: सुखरूप सुटका.

ती नुसती पाण्याला आली असेल, असंही मला तिथेच सुनावलं गेलं. असेलही. माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त शेवाळातल्या रेघा होत्या. पण त्या दिवसानंतर ‘उचला आणि सोडा’ हे वाक्य माझ्या तोंडून निघालेलं नाही.

आता माझ्याच विरोधात जाणारी गोष्ट. टिपेश्वरहून निघालेला एक रेडिओ कॉलर लावलेला वाघ २०१९-२० मध्ये तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला आणि ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. लोक म्हणतात, बघा, प्राणी वाट काढतात. पण तिथे वाघीण नव्हती. चालणं झालं, जनुकं कुठेच पोचली नाहीत. म्हणजे नुसती हिरवी पट्टी राखूनही भागत नाही, हे मलाही मान्य करावं लागतं. पलीकडे कुणी असायला हवं, आणि ते कोण ठेवणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आणखी एका गोष्टीचा मला राग येतो. जंगलातून रस्ता झाल्यावर दोन्हीकडच्या वाघांची विष्ठा गोळा करून डीएनए तपासतात आणि ‘जनुकीय फरक नाही’ असं सांगतात. इतक्यात दिसणारच नाही! आज तपासलेल्या वाघांचे आजे-पणजे रस्ता नव्हता तेव्हा भेटले होते. फरक उघड व्हायला पिढ्या लागतात, तोवर रस्ता चौपदरीचा सहापदरी झालेला असतो. सिमिलिपालचे जवळजवळ काळे दिसणारे वाघ बघायला गर्दी होते; एका जनुकातला तो दुर्मीळ बदल तिथे इतका पसरला, कारण मूठभर वाघ बाकीच्यांपासून तुटून आपापसांतच वाढले.

सिमिलिपालला बाहेरची वाघीण हवीच होती आणि आज तरी ती गाडीतूनच येणार. त्याला माझा विरोध नाही. पण गाडी वाघाला मिळते. खवल्या मांजराला, साळिंदराला, बेडकाला कोण पाठवणार? पेंचजवळ महामार्ग ४४ वर कोर्टकज्ज्यांनंतर ९ ठिकाणी खालून वाट सोडली, सर्वांत लांब ७५० मीटरची. तिथून वाघ जातात आणि वाघाखेरीज इतरही कितीतरी प्राणी जातात, कुणी न उचलता. कालव्यावरही तसे रुंद, माती टाकलेले साकव घालता येतात, भिंतींना उतार देता येतो. आराखडा कागदावर असतानाच हे मागावं लागतं, म्हणून मी मागते.