कूलरसमोर बसून तापलेला लॅपटॉप

मेच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. काम काही जड नाही. टॅली, एक्सेलच्या दोन-तीन फायली, ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल. तरी तासाभरात कीबोर्डच्या वरची पट्टी बोट टेकवता येऊ नये इतकी तापायची, मग कर्सरसुद्धा रेंगाळायचा, आणि एका दुपारी व्हाउचर भरता भरताच स्क्रीन काळी झाली.

आम्ही नागपूरला मनीषनगरात वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट स्लॅब. दुपारी चारला खोलीत ३७-३८ अंश, तेही कूलर चालू असताना. त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच म्हणणं: "माणसं तापून राहिली बापा, मशीनचं काय घेऊन बसली!" मलाही ते पटलं होतं. लॅपटॉपसोबत आलेल्या पुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा, असं छापलंय. मे महिन्यात आमच्या घरात तशी जागा एकच, फ्रिजमध्ये.

आधी नऊशे रुपयांचा कूलिंग पॅड आणला. निळे दिवे छान लागायचे. मग बर्डीवरच्या एका दुकानात दाखवलं. त्यानं झाकणही न उघडता, नुसता कानाशी धरून, "मदरबोर्ड गेला मॅडम, साडेआठ हजार" असं सांगितलं. मी विचार करते म्हटलं आणि निघून आले. तीन वर्षं झालेली, वॉरंटी संपलेली, आणि २० तारखेला रिटर्न भरायचं. विचार करायला चार दिवस होते.

रविवारी भाचा आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं आधी विचारलं, "मावशी, टेम्परेचर मोजलं का तू?" मोजायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. त्यानं एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. काही न करता प्रोसेसर ६९ अंशांवर, टॅली आणि ब्राउझर उघडल्यावर ९८. "सेन्सरच बिघडला नसेल ना?" मी विचारलं. २०२४च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि नंतर सेन्सरचा दोष निघाला होता, ते डोक्यात होतं. पण इथे आकडा खराच होता. शंभराच्या आसपास पोचलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग तोडतो. रेंगाळणारा कर्सर म्हणजे तेच. तरी उष्णता आवरली नाही तर सगळं बंद करतो. काळी स्क्रीन म्हणजे तेच.

रिटर्नपुरती त्यानं एक तोड काढली. पॉवरच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ९९ केली. एका टक्क्यानं काय होणार, असं मला वाटलं. पण माझ्या इंटेल प्रोसेसरचा टर्बो वेग, म्हणजे गरजेला घेतलेला जादा वेग, त्यानं बंदच होतो. ९८चे ८५ झाले. टॅलीला टर्बो लागतच नव्हता म्हणा. १९ तारखेलाच रिटर्न गेलं.

पण मुळातलं दुखणं सापडलं ते त्यानंतर, आणि अगदी साध्या गोष्टीतून. भाच्यानं मला लॅपटॉपच्या मागच्या जाळीपाशी हात धरायला लावला. आत पंखा जीव तोडून फिरतोय आणि बाहेर हवा म्हणावी तर फुंकरही नाही. होती तेवढी भाजणारी. कागदाची पट्टी धरली, ती हललीसुद्धा नाही. त्याचं म्हणणं, हवा जोरात आणि कोमट येत असती आणि तरी आत ९८ असते, तर प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूकडे पोचवणारी पेस्ट सुकली असं धरलं असतं. आवाज आहे आणि हवा नाही, म्हणजे वाट बुजली.

मग उघडायचं ठरलं. पाठीचे दहा स्क्रू, त्यातले दोन रबरी पायांखाली लपलेले. सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला. कडा उचकायला जुनं एटीएम कार्ड. प्रत्येक 'कट्' आवाजाला माझ्या पोटात गोळा येत होता. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीची पिन काढणं, बाकी सगळं त्यानंतर.

पंखा सोडवला आणि दोघंही गप्प झालो. पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या बारीक पात्यांच्या मधोमध करडा नमदा बसला होता. धूळ नव्हे, नमदा! चिमट्यानं धरला तर अख्खी पट्टी एका तुकड्यात निघाली. हातात घेतल्यावर ओलसर लागली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन उन्हाळे मी टेबल कूलरच्या थेट झोतात ठेवलं होतं. मला गार वाटावं म्हणून, आणि लॅपटॉपलाही बरं म्हणून. कूलर दमट हवा फेकतो, सोबत ताट्यांचा, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवती जाळ्यांचा, भुसा आणि घरातली धूळ. लॅपटॉपचा पंखा ते सगळं ओढतो, आणि ओलसर धूळ पात्यांवर थापली जाते. कूलरच्या ताट्या मी दर एप्रिलला न चुकता बदलते.

उघडलंच आहे तर पेस्टही बदलली. जुनी वाळलेल्या चुन्यासारखी खपल्या धरून होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसली, नवी मुगाच्या दाण्याएवढी. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरवर बसणाऱ्या त्या तांब्याच्या भागाच्या, स्क्रूंपाशी १ ते ४ आकडे कोरलेले असतात, त्या क्रमानं थोडे थोडे आवळत गेलो. पंख्याची धूळ फुंकताना पातं बोटानं धरून ठेवायचं, ते वाऱ्यानं गरगर फिरू द्यायचं नाही, हे भाच्यानं तीनदा बजावलं.

सगळं बसवून बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. मला ते साडेआठ हजार डोळ्यांपुढे दिसायला लागले. भाचा शांतपणे म्हणाला, "चार्जर तर लाव आधी." बॅटरीची पिन काढून परत लावली की काही लॅपटॉप चार्जर जोडल्याशिवाय जागे होत नाहीत. लावला, आणि उठला.

त्याच ३७ अंशांच्या खोलीत आता रिकामा असताना ५२ आणि कामात ७६. ९९ टक्क्यांची मर्यादाही काढून टाकली. भाच्याची मजुरी दोन प्लेट तर्री पोहे. टेबल कूलरच्या झोतातून भिंतीकडे सरकवलं, त्यामुळे जूनचा पहिला पंधरवडा मी नॅपकिन खांद्यावर टाकून बसले होते.

पाऊस लागल्यावर एकदा परत मोजलं. खोली ३०, काम करताना प्रोसेसर ६९. खोली सात अंश उतरली, तर तोही तेवढाच उतरला. कूलरची टाकी रिकामी करून झाली आहे. टेबल खिडकीपाशी नेलंय.