आमची वाटचाल: पत्र्याला भोक न पाडता

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीतलं आमचं दुकान बाबांनी रेडिओ दुरुस्तीसाठी थाटलं. पुढे गाड्यांमधले कॅसेट डेक आले आणि घरगुती रेडिओ हळूहळू फळीवर गेले. कॉलेज सुटलं की मी थेट दुकानात यायचो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने डेकचं हेड पुसणं हे माझं पहिलं काम. तेव्हा शोरूममधून निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी डेक बसवायला आमच्या दारात यायची. मग सीडी आली, गेली. नंतर कंपन्याच गाडीत स्क्रीन बसवून द्यायला लागल्या आणि ते काम बघता बघता आटलं. आजूबाजूच्या काहींनी मोबाइलची कव्हरं विकायला ठेवली. आम्ही जुन्या गाड्या धरल्या. पद्मिनी, अँबॅसेडर, डुक्कर फियाट, कॉन्टेसा, कधीतरी एखादी मॉरिस.

या कामात आमचा एकच नियम आहे आणि तो आम्ही गिऱ्हाइकाला काम घेण्याआधी सांगतो: गाडीला नवीन भोक पाडणार नाही. आजच्या डेकला साधारण १८० बाय ५० मिलिमीटरचा खाचा लागतो. त्यासाठी डॅशबोर्डचा पत्रा कापलेल्या कितीतरी गाड्या आमच्याकडे येतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघणं बंद होऊन वीस वर्षं उलटली, आता तो डॅशबोर्ड आणायचा कुठून? शिवाय २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली, तिची अटच गाडी मूळ रूपात असावी ही आहे. स्पीकरच्या भोकाने नोंदणी अडेल असं मी म्हणत नाही. पण कापलेला पत्रा पुन्हा जोडला तरी जोड दिसतोच.

म्हणून जुना दोन बटणांचा रेडिओ आम्ही जागेवरच ठेवतो. शक्य असेल तर त्याच्याच पोटात ब्लूटूथचं छोटं बोर्ड बसवतो, नाहीतर नवा डेक ग्लोव्ह बॉक्समध्ये जातो. अँप, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर, पुढच्या बाकासारख्या सीटखाली. मागच्या काचेखालचा पार्सल ट्रे काढून त्याच मापाचा नवा प्लायचा कापतो आणि सहा बाय नऊ इंची स्पीकर त्यात बसवतो. मूळ ट्रे कागदात गुंडाळून मालकाच्या हातात देतो आणि बजावतो, "काका, माळ्यावर ठेवा, टाकू नका."

हे सगळं दिसणारं काम. खरी मेहनत विजेची. बऱ्याच जुन्या गाड्यांत वीज तयार करायला अल्टरनेटर नसतो, डायनेमो असतो. तो साधारण २०-२५ अँपिअर देतो, तेही गाडी पळत असताना. सिग्नलला उभं राहिलं की त्याच्याकडून जवळजवळ काही मिळत नाही, सगळा भार बॅटरीवर. आता जुलैतली संध्याकाळ धरा: परळला गाड्या तुंबलेल्या, हेडलाइट चालू, वायपर चालू. अशात ५० वॉटच्या चार चॅनेलचा जुन्या पद्धतीचा अँप पूर्ण आवाजाला तीस अँपिअरच्या वर खेचतो. क्लास डीचा तेवढ्याच ताकदीचा अँप वीसच्या आसपास भागवतो, कारण त्यात उष्णता होऊन वाया जाणारी वीज कमी असते. आम्ही फक्त क्लास डी वापरतो. बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, आणि हातभर अंतराच्या आत फ्यूज. जुन्या वायरिंगला अँप जोडायचा नाही म्हणजे नाही. कापडी वेष्टणाची वायर तापली की गाडीला आग लागू शकते.

मग येतो गुणगुणाट. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून वर चढत जाणारी शिट्टी, नाहीतर इंजिनाच्या ठेक्यावर टकटक. शिट्टी अर्थिंगमधून किंवा चार्जिंगच्या वायरमधून येते, टकटक प्लग आणि त्यांना ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलची. बाबांची एक रीत मी अजून पाळतो. छोटा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मध्ये लावायचा आणि इंजिन चालू ठेवून बॉनेटखाली फिरवायचा. कॉइलजवळ खरखर वाढली तर तिथे कंडेन्सर, प्लगच्या वायरींजवळ वाढली तर रेझिस्टन्सवाल्या वायरी. अर्थिंगसाठी रंग खरवडत नाही, बॅटरीच्या निगेटिव्हवरून वेगळी वायर आणतो. विजेची वायर गाडीच्या एका बाजूने, आवाजाची दुसऱ्या बाजूने.

आवाजाबद्दल माझं मत ठाम आहे. या गाड्यांचे मालक बहुतेक जुनी गाणी ऐकतात, आणि त्या मोनो ध्वनिमुद्रणांत खोल बास मुळात नसतो. डिकी भरून वूफर लावला तर गायिकेचा गळा झाकला जातो. दादरच्या एका आजींची पद्मिनी होती, त्यांना नाट्यगीतं ऐकायची होती. पुढे डॅशखाली लाकडी खोक्यांत चार इंची स्पीकर लावले, शंभर हर्ट्झच्या खालचं, म्हणजे खोल बास, त्यांच्याकडे जाऊच दिलं नाही, दारांच्या पत्र्याला थरथर दाबणारे ब्यूटाइल रबराचे पट्टे आतून दिले. ऑर्गनचा सूर आणि गळा वेगळे ऐकू यायला लागले. आजींनी तेच पद तीनदा लावलं आणि म्हणाल्या, "ही तान मी आज पहिल्यांदा पूर्ण ऐकली."

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत टॅक्सी म्हणून पद्मिनी धावत नाही. तेव्हापासून खासगी पद्मिनीवाल्यांची चौकशी वाढली. घरातली गाडी विकायची नाही, नीट करायची, असं म्हणणारी तिशीतली मुलंही येतात. मला याचा मनापासून आनंद आहे. कुर्ल्याचे गादीवाले चाचा आणि आमचे दोन कारागीर, दोघेही वायरिंगमध्ये मुरलेले, यांच्या जोरावर महिन्याला मोजक्याच गाड्या घेतो.

सध्या दुकानासमोर एक मॉरिस मायनर आहे. तिची बॉडी बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेली, म्हणजे आजचा अँप सरळ लावला तर शॉर्ट. पोलॅरिटी, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हची जोडणी, उलटी करता येते, पण मालकांना गाडी जशी आहे तशीच हवी आहे आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. म्हणून गाडीचं आणि अँपचं अर्थिंग वेगळं ठेवणारा कन्व्हर्टर लावतोय, अँपही बॉडीला न टेकता रबरावर बसेल. पावसाळ्याआधी गाडी द्यायची आहे.