पाय, पाणी आणि आडोसा

वारीला निघण्याआधी मी मुलांना दोन गोष्टी बजावतो. नवे बूट घालायचे नाहीत, आणि पायाला कुठे चुरचुरलं की दिंडी कितीही रंगात असली तरी थांबून सांगायचं. बाकी सगळं वाट शिकवते.

पुण्यात विद्यार्थ्यांमध्ये मी ख्रिस्ती पाळकाचं काम करतो. वसतिगृहातली मुलं येतात, कधी झोप लागत नाही म्हणून, कधी स्पर्धा परीक्षेचा निकाल घरी सांगायचं धाडस होत नाही म्हणून. खोलीत समोरासमोर बसवलं की त्यातली निम्मी गप्प होतात. शेजारी शेजारी चालताना तीच मुलं तासतास बोलतात, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही आणि मध्ये गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. माउलींच्या पालखीबरोबर त्यांना घेऊन जाण्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. आमच्या नगर भागात चर्चमधलं भजनही टाळ-मृदंगावरच होतं, त्यामुळे ठेका अंगातच आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक सांगत. मी लहानपणापासून हे ऐकत आलो. गळ्यात माळ का नाही, असं दिंडीत मला कुणी विचारलं नाही. आडनाव मात्र विचारतात, मुलांना तर हमखास. "कुठले तुम्ही? आडनाव काय?" पहिल्या वर्षाचा एखादा पोरगा उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणाचा मला राग येतो. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केल्यावर मंदिराचं दार सगळ्यांना उघडलं. चोखोबांची समाधी त्याच महाद्वारासमोर आहे. तरी पंगतीत बसताना आडनावाची चाचपणी चालूच असते. मग वाढणारा पुढे येतो, "घ्या माउली" म्हणून पानावर भात टाकतो, आणि तोच पोरगा मान खाली घालून पोटभर जेवतो. दोन्ही गोष्टी एकाच पंगतीत घडतात.

दिवे घाटाची चढण बहुतेक वर्षी एकादशीलाच येते. म्हणजे सगळ्यांत लांब चाल, सगळ्यांत मोठा चढ आणि त्यात उपास. तरुण मुलांचं निभावतं. मला काळजी असते ती मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसांची. सकाळी सवयीने औषध घेतात, उपासाचं म्हणून फक्त चहा पितात आणि घाटाच्या निम्म्यावर दरदरून घाम सुटतो, हात कापतात, बोलणं असंबद्ध होतं. शेजारच्याला वाटतं माउली रंगात आली. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजायची, पंधरा मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा, आणि सावरल्यावर काहीतरी खायला घालायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवून रुग्णवाहिका बोलवायची. आमच्या प्रत्येक मुलाच्या खिशात साखरेची पुडी असते. ज्यांना औषध चालू आहे त्यांनी एकादशीचा डोस निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावा. उपास मोडायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, पण तो घाटात चक्कर आल्यावर सोडवायचा नसतो.

सासवड, जेजुरीचा भंडारा, वाल्हे, नीरा स्नान, लोणंद, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण. हे सगळं झालं.

फलटण सोडलं की पाऊस मागे राहतो. हा पट्टा कमी पावसाचा, आषाढातही ऊन चटकतं. रस्ता रुंद झाला, गाड्यांची सोय झाली, पण जुने वड गेले आणि सिमेंट तापलं. एका दुपारी बरडच्या अलीकडे आमच्यातली एक मुलगी मागे पडत पडत दिंडीच्या शेवटी गेली. विचारलं तर "काही नाही सर." चाल मात्र सांगत होती. टाच टेकत नव्हती, सगळा भार पायाच्या बाहेरच्या कडेवर होता. कडुलिंबाखाली बसवून मोजा काढला. टाचेच्या मागे रुपयाएवढा फोड, ताणून चकाकणारा, आत स्वच्छ पाणी. मोजा सुती होता आणि सकाळच्या दवाने भिजलेला होता.

फोड नुसत्या चालण्याने येत नाही. बूट एकीकडे सरकतो, आतलं हाड दुसरीकडे, आणि मधली कातडी पुन्हा पुन्हा ताणली जाऊन तिचे थर सुटतात. मोकळ्या जागेत पाणी भरतं. ओली कातडी मऊ पडते आणि चिकटून ओढली जाते, म्हणून भिजलेला मोजा कोरड्या मोज्यापेक्षा लवकर फोड आणतो. सुती मोजा पाणी धरून ठेवतो. आत पातळ सिंथेटिक आणि वर जाड असे दोन मोजे घातले तर घासणं दोन मोज्यांमध्ये होतं, कातडी वाचते. बोटांमध्ये आणि टाचेला सकाळी पेट्रोलियम जेली, दुपारच्या विसाव्याला मोजे बदलायचे, उतरवलेले पिशवीला बाहेरून टांगून वाळवायचे. चुरचुर सुरू झाली, कातडी फक्त लाल आहे, अशा वेळी कागदी चिकटपट्टी लावली तर बहुतेक फोड येतच नाहीत. ती वेळ अर्ध्या तासाची असते. चपलेवाल्यांना हाच त्रास अंगठ्याच्या बेचक्यात पट्ट्याने होतो, तिथेही पट्टी आधीच लावावी.

लहान, न दुखणारा फोड फोडायचा नाही. जाड मऊ कापडाच्या गादीला मध्ये भोक पाडून कडं करायचं, फोड त्या भोकात बसवायचा आणि वरून पट्टी. हा मात्र मोठा होता, त्याच्यावर टाच टेकवून पुढचे पाच-सहा किलोमीटर जाणं शक्य नव्हतं. आधी मी हात साबणाने धुतले, मग तिचा पाय. नवी सुई स्पिरिटने पुसली, फोडाच्या खालच्या कडेला दोन ठिकाणी टोचलं आणि कापसाने हलकेच दाबून पाणी काढलं. वरची कातडी तशीच ठेवली. तिच्याइतकी चांगली पट्टी औषधाच्या दुकानात मिळत नाही, आणि ती ओढून काढली की खालचं कोवळं मांस उघडं पडतं. मग जंतुनाशक मलम, न चिकटणारी जाळी, वर गादी आणि कागदी पट्टी. वाटेत बरेच जण सुईदोरा ओवून दोरा आतच ठेवतात, पाणी झिरपत राहतं म्हणून. त्या दोऱ्यावरून धूळ आणि शेणमातीही आत जाते, म्हणून मी ते करू देत नाही. मधुमेह असलेल्याच्या पायाला तर हातच लावायचा नाही, सरळ डॉक्टरकडे. पू, लाल रेघ वर चढणं किंवा ताप दिसला तर कुणाचाही पाय असो, चालणं थांबलं.

पट्टी बांधताना मुलीच्या बाटलीकडे लक्ष गेलं. सकाळी भरलेली बाटली जवळपास तशीच होती. ओठ सुकलेले. "पाणी का नाही प्यालीस?" ती काही बोलेना. शेजारी परभणीकडच्या एक आजी टेकल्या होत्या. डोक्यावरची तुळस त्यांनी दुसऱ्या बाईच्या हाती दिली होती आणि मिश्री लावत आमच्याकडे बघत होत्या. त्याच म्हणाल्या, "अवो बाबा, पानी पिलं तर जायचं कुटं तिनं? समदं रान उघडं." आणि मला उत्तर सुचण्याआधी त्या उठल्या. "चल गं लेकी." आणखी तिघींना हाक मारली. पिशवीतून नऊवारी लुगडं काढलं, बांधावर चौघींनी चार टोकं धरली आणि बाहेर पाठ करून उभ्या राहिल्या. मुलीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून एकीने गौळण सुरू केली. मुलगी परत आली तेव्हा लुगडं घडी होऊन पिशवीत गेलंही होतं, आणि आजींनी तिच्यासमोर तांब्या धरला होता. "आता पी. घोट घोट पी. आन् लाजू नगंस, आमी हावोत." ती मुलगी रडली. नंतरच्या वाटेवर ती जे बोलली ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही. पण वसतिगृहातल्या माझ्या खोलीत ते कधी निघालं नसतं.

वारीतल्या बायका पाणी कमी पितात, हे मी दरवर्षी बघतो. मग लघवीची जळजळ, ताप, डोकं दुखणं, पोटऱ्यांत गोळे. मुक्कामाच्या गावी फिरती शौचालयं आता उभी राहतात आणि त्यांचा उपयोग मोठा आहे. दोन विसाव्यांमधल्या वाटेचा प्रश्न मात्र तसाच आहे. आम्ही मुलांना साधं माप सांगतो: लघवी पिवळी गडद झाली म्हणजे पाणी कमी पडलं. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, पेल्यात घालून घट्ट करायचं नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. टँकरचं पाणी घेताना क्लोरिन टाकलंय का विचारायचं. आरोग्यसेवकाकडे ओटी टेस्टची, म्हणजे क्लोरिन तपासायची, बाटली असते, दोन थेंबांत पाणी पिवळसर झालं की झालं. क्लोरिन टाकून अर्धा तास गेल्याशिवाय भरायचं नाही.

पाळीचंही तसंच. "ते दिवस" वारीत नकोत म्हणून बायका आणि मुलीसुद्धा पाळी लांबवायच्या गोळ्या घेतात, बहुतेक वेळा दुकानदाराला विचारून. नोरेथिस्टेरॉनची गोळी पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करून दिवसातून तीनदा घेतात, आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण जिच्या पायात किंवा फुफ्फुसात कधी रक्ताची गाठ झाली आहे, यकृताचा आजार आहे, तिने ती घ्यायची नसते, आणि हे दुकानदार विचारत नाही. मुलींना मी सांगतो, घ्यायचीच असेल तर डॉक्टरीणबाईंना विचारून घ्या, आणि न घेता चाललात तरी विठोबाच्या वाटेवर तुमचं काही कमी होत नाही. माझं हे म्हणणं दिंडीतल्या सगळ्यांना पटत नाही. आजींना पटलं होतं.

गोळ्यांवरून आणखी एक. वाटेवर कुणीही मांडव टाकून पाय दुखतात म्हणणाऱ्याला डायक्लोफिनॅकची गोळी देतं. हेतू चांगला असतो, पण मला ते बघवत नाही. उपाशी पोटी ती जठराला लागते. पाणी कमी प्यालेल्या, त्यात रक्तदाबाची औषधं घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची किडनी त्याने बसू शकते. पॅरासिटामॉल पुरतं, आणि पायांना त्याहून बरं म्हणजे तेल लावून पंधरा मिनिटं पाय उशाहून उंच ठेवून पडणं. त्याच मांडवात मोठ्या आवाजात गाणी लागलेली असतात आणि त्यात शेजारच्या दिंडीचा अभंग ऐकू येत नाही. केळी, वडे, बिस्किटं हातात कोंबतात आणि पुढे शंभर पावलांवर सालांचा आणि कपांचा थर.

संध्याकाळी तळावर समाजआरती. चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे दंड, उंच केला की हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असते ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, ऐकतात, निवाडा करतात, हरवलेल्या वस्तूंची नावं पुकारली जातात, आणि मग आरती. हैबतबाबांनी 1832 च्या सुमारास या सोहळ्याला शिस्त लावली, ती अशी टिकून आहे. सगळ्या समाजाला शांत करून एका कोपऱ्यातलं गाऱ्हाणं आधी ऐकायचं, हे मी कुठल्याही महाविद्यालयात बघितलेलं नाही. तिथे तक्रारपेटीला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे ते माहीत नसतं. मुलं त्या शांततेत माना वर करून उभी असतात. मीही.

माळशिरसजवळ एका मुलाने चालता चालता सांगितलं, त्याच्या वडिलांनी माळ घातल्यापासून दारू सोडली. व्यसनमुक्ती केंद्रात पाठवून झालं होतं, शपथा झाल्या होत्या. माळेने जमलं, कारण गावातली सगळी दिंडी त्यांच्यावर लक्ष ठेवून असते आणि एकादशीला दारात येऊन हाक मारते. व्यसनमुक्तीच्या कामात सोबत नसेल तर औषध अर्धंच पडतं, हे मला माहीत होतं, तरी त्याच्या तोंडून ऐकताना गळा दाटला. तंबाखू आणि मिश्रीला मात्र माळ अजून आडवी येत नाही. तोंडातले पांढरे चट्टे वारीत मी खूप बघतो. याच लोकांनी मनावर घेतलं तर तेही सुटेल.

वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. बाजीराव विहिरीच्या रिंगणात अश्व धावला आणि मुलं वेड्यासारखी नाचली. फोडवाली मुलगीसुद्धा. पंढरपुरात रांग फार मोठी होती, आम्ही नामदेव पायरीला डोकं टेकवलं, कळस बघितला आणि एसटी धरली.

परतल्यावर आठवडाभर मी मुलांचे पाय बघतो. चिखल्या तेव्हा दिसतात: बोटांच्या बेचकीत पांढरी भिजलेली कातडी, खाज, वास. धुऊन बेचक्या कोरड्या पुसायच्या आणि क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा, बरं वाटल्यावरही दोन आठवडे. ताप आला तर वारीहून आलो हे डॉक्टरांना आधी सांगायचं. त्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी गडद कापडाचे पडदे शिवायला घेतले आहेत, चार मीटर लांब, दोन्ही टोकांना काठी अडकवायला नेफा. दिंडीत किती लागतील ते विचारायला दिंडीचालकांना फोन करायचा आहे, आणि तो मी करायचा नाही, त्याच करणार आहेत.